शेडकार्ड

अक्कलकोट रोडच्या डायिंगात एकतीस वर्षं
मी एकच भांडण भांडलो:
कालचा लाल आणि आजचा लाल
एक दिसला पाहिजे.
बोअरचं पाणी बदलतं, त्यातला क्षार बदलतो,
व्यापाऱ्याला त्याचं काय?
तो सूत उन्हात धरायचा, शेडकार्ड शेजारी लावायचा
आणि ओठ काढायचा.

डायिंग आता बंद आहे.
साखर पेठेत, पूर्वी कांड्या भरायचो त्या मागच्या खोलीत
चौदा प्लास्टिकचे डबे, आणि डब्यांत
पट्टेरी पाली.

राजमणी पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभी.
"बल्ली? विकत आणली?
भिंतीवर फुकट आहेत त्या कमी पडल्या काय?"
मी म्हटलं, ह्या भिंतीवर चढत नाहीत.
बोटांना चिकटपणा नाही, साधी नखं आहेत.
अंगावर पडायच्या नाहीत,
पंचांगात ह्यांच्यासाठी पान नाही.
आणि झोपताना पापण्या मिटतात.
"पालीला पापणी?"
विड्यांचं सूप कडेला ठेवून ती आत आली
आणि बघत बसली, मिटते कधी ते.

अंडी ओल्या रेतीत, श्रीखंडाच्या डब्यात.
ऊब जरा कमी तर माद्या, जरा चढली तर नर,
दोन-तीन अंशांचा सगळा खेळ.
पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला, काका, हीटर लावा.
एप्रिलमध्ये? सोलापुरात?
पारा चव्वेचाळीसवर; मी डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून
माठाच्या पोटाशी ठेवतो,
रात्री दोनदा उठतो.
रंगाच्या कढईवर नुसता तळवा धरून उकळी सांगणारा माणूस
आता अर्ध्या अंशाला घाबरतो.

त्रेपन्नाव्या दिवशी कवच चिरतं.
बोटाएवढं, ओलं,
काळा पट्टा, पिवळा पट्टा, पुन्हा काळा,
घडीही न मोडलेली चादर.

हंगामभरात एकाच आईबापाची अकरा.
जुनी खोड, वही काढली, रकाने आखले:
हळद.
उकडलेला बलक.
पिकून मऊ पडलेलं लिंबू.
भट्टीतून मधेच काढलेली वीट.
सातव्या पिल्लाला शब्द सापडला नाही.
एक लॉट, अकरा शेडी;
गाजुलशेठनी सगळं सूत माझ्या नावावर टाकलं असतं.

त्या सातव्याचा दुसरा पट्टा जन्मापासून तुटका,
धोटा पुढे गेला आणि
धागा मागेच राहिला, तसा.

वडील जॅकार्डची कार्डं पाडायचे.
एकदा एक भोक चुकलं
आणि तीनशे चादरींवरच्या मोराला
पाय एकच.
दोन महिन्यांचा पगार गेला, चादर एक घरी आली.
आई रोज सकाळी तो मोर आत दुमडून घडी घालायची,
आल्यागेल्याला दिसू नये म्हणून.

पुण्याचा पोरगा आला, पट्टे अजून ठळक होते.
त्याला जोड्या हव्या होत्या, एकसारख्या.
मोबाईलवर दाखवल्या: ओळीत दहा,
एका छाप्याच्या.
दहा घेऊन गेला, कागदपत्रांसकट.
सातव्याकडे बघून ओठ काढले,
"काका, हे सेकंड."
मी भाव सांगितलाच नव्हता.

वर्षभरात सातवीचे (मादी निघाली)
पट्टे फुटले. कडा विरल्या, मधे ठिपके उगवले,
तुटकी जागा कुठली होती
ते माझं मलाच दाखवता येईना.
रंग उतरला असं लिहिणार होतो वहीत.
उतरला नव्हता. बसायला दुसरी जागा बघत होता.

परवा तिची पहिली दोन अंडी फुटली.
दोन्ही पिल्लांचे पट्टे अखंड,
कडेला कड, फर्स्ट क्वालिटी.
मग ते तुटकं गेलं कुठे?
वही मागे चाळली, पुढे चाळली, चष्मा पुसला.

राजमणी दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"असेल की आतच.
घडी घातली असेल कुणीतरी."

आणि थोड्या वेळानं:
"दिवा मालवा आता.
त्यांची उठायची वेळ झाली."